समुद्राच्या पाण्यातील अन्नद्रव्यांचे मोजमाप

कोकणातील खारपाट्याच्या शेतकऱ्यास समुद्राचे पाणी प्रथमतः संकटाच्या रूपाने ठाऊक असते. उधाणाच्या भरतीत बाहेरकाठ्यास खांड पडली किंवा उघाडीची झडप निकामी झाली, की खारे पाणी खाचरांत पसरते आणि पुढील काही वर्षे त्या जमिनीत भात धड उभे राहत नाही. परंतु गेल्या काही दशकांत हेच पाणी उत्पन्नाचे साधनही झाले आहे. खाडीकाठच्या निमखाऱ्या तलावांत कोळंबी आणि जिताडा यांची जोपासना होते. मच्छीमाराची मिळकत तर मुळातच समुद्राच्या सुपीकतेवर अवलंबून आहे. जमिनीची सुपीकता मातीच्या पृथक्करणाने कळते. त्याचप्रमाणे समुद्राच्या पाण्याची सुपीकता त्यात विरघळलेल्या नत्र, स्फुरद व सिलिका यांच्या आणि लोह, जस्त, तांबे अशा सूक्ष्म मूलद्रव्यांच्या मोजणीने कळते.

ही मोजणी मातीच्या मोजणीइतकी सरळ नाही. एकाच तलावाचे पाणी दोन वेळा प्रयोगशाळेत गेले आणि अमोनियाचा आकडा एकदा भरमसाट, तर दुसऱ्यांदा शून्याजवळ आला, की शेतकरी प्रयोगशाळेस दोष देतो. पुष्कळदा हा दोष प्रयोगशाळेचा नसून बाटलीचा, वेळेचा आणि हाताचा असतो. ज्या द्रव्याचे प्रमाण लिटरला मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात पाहावयाचे, त्याच्या बाबतीत नमुना घेणारा माणूस हाच पहिला पृथक्करणकार होय. त्याच्या हातून झालेली चूक पुढे कितीही महाग यंत्राने दुरुस्त होत नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने आणि तलावाच्या मालकाने ही मोजणी कशी चालते हे थोडक्यात तरी समजून घेणे अगत्याचे आहे.

मीठ किती, हे आधी

एक किलो समुद्रजलात सरासरीने ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३ आणि कॅल्शियम व पालाश प्रत्येकी ०.४ ग्रॅम भरतात. बाकी सर्व मूलद्रव्ये मिळून होणारा भाग अगदी अल्प असतो. अरबी समुद्रात बाष्पीभवन अधिक असल्यामुळे उन्हाळ्यात आपल्या किनाऱ्यावर हा आकडा ३५ च्या वर जातो. उलट आषाढ-श्रावणात खाडीच्या आतल्या भागातील पाणी जवळजवळ गोडे होते.

१८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने जगातील महासागरांची पाहणी केली. त्या सफरीत आणलेल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार यांनी करून त्याचा वृत्तांत १८८४ साली प्रसिद्ध केला. त्यावरून असे पक्के झाले की, पाणी कोठचेही असो, एकूण क्षार कमी-अधिक होतात, परंतु या प्रमुख घटकांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ बदलत नाही. ताकात पाणी वाढविले तर ताक फिके होते, पण त्यातील मीठ व साखर यांचे परस्पर प्रमाण तेच राहते. तसाच हा प्रकार आहे.

या नियमाचा उपयोग मोठा आहे. सर्व घटक निरनिराळे मोजण्याची गरज राहत नाही. एक मोजला की इतरांचा हिशेब मांडता येतो. पाण्यात क्रोमेटचे थोडे द्रावण घालून त्यात सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडले असता प्रथम पांढरा साका पडतो, आणि क्लोराइड संपताच पाण्यास तांबूस छटा येते. किती द्रावण लागले त्यावरून मिळणारा क्लोराइडवर्गाचा आकडा १.८०६५५ ने गुणिला की एकूण खारटपणा येतो. आता बहुतेक ठिकाणी पाण्याची विद्युत्‌वाहकता मोजून खारटपणा काढतात, व तलावाच्या बांधावर प्रकाशाचे वक्रीभवन पाहणारी लहान नळी पुरेशी होते.

तलावधारकाने येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तलावाचा खारटपणा १५ असेल आणि पाणी खाडीचे असेल, तर त्यात लिटरला पालाश सुमारे १७० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे ५५० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे १७५ मिलिग्रॅम असावयास हवे. तसे असेल तर ‘खनिज मिश्रण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतील या तीन घटकांवर पैसा खर्च करण्याचे कारण नाही. मात्र पाणी कूपनलिकेचे असेल तर हा नियम लागू नाही. जमिनीतील खारे पाणी चवीला समुद्रासारखे लागले तरी त्यातील पालाश मातीने धरून ठेवलेला असू शकतो, आणि पालाश अपुरा पडला की कोळंबी मरतुकीस येते. अशा पाण्यात प्रत्येक घटक निराळा मोजल्यावाचून गत्यंतर नाही. चवीवरून किंवा शेजाऱ्याच्या तलावावरून अंदाज बांधणे येथे महागात पडते.

नत्र, स्फुरद आणि सिलिका

मुख्य क्षारांची गोष्ट स्थिर प्रमाणाची. अन्नद्रव्यांची नेमकी उलट. सूर्यप्रकाश पोहोचतो त्या वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, नत्र व स्फुरद शोषून घेतात. ते मेले की त्यांचे अवशेष खाली जातात आणि खोल पाण्यात कुजून ती द्रव्ये पुन्हा मोकळी होतात. त्यामुळे खुल्या समुद्राच्या पृष्ठभागी नायट्रेटरूपातील नत्र लिटरला एक-दीड मायक्रोग्रॅमहूनही (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग) कमी असतो, तर खोल पाण्यात तोच सुमारे ४०० मायक्रोग्रॅम असतो. शेताच्या भाषेत सांगावयाचे तर एक हेक्टर क्षेत्रावर एक मीटर खोलीचे पाणी म्हणजे १ कोटी लिटर. एवढ्या पाण्यात पृष्ठभागी नत्र भरतो जेमतेम १४ ग्रॅम. खोल पाण्यात भरतो ४ किलोच्या आसपास. भाताच्या एका हेक्टरास जेथे १०० किलो नत्र देण्याची शिफारस असते, तेथे हे १४ ग्रॅम म्हणजे काय हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ साली असे दाखविले की, प्लवकांच्या शरीरात आणि खोल समुद्राच्या पाण्यातही नत्र व स्फुरद यांचे प्रमाण विलक्षण मिळतेजुळते असते. आज ते स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे १६ अणू असे धरतात. वजनात सांगावयाचे तर स्फुरदाच्या एका भागास नत्राचे सुमारे ७ भाग. पाण्यातील प्रमाण याहून फार ढळलेले आढळले तर कोणत्या द्रव्याने वाढ अडविली आहे याचा अंदाज बांधता येतो. पिकाची वाढ सर्वांत तोकड्या अन्नद्रव्यावर ठरते, हा कृषिशास्त्राचा जुना सिद्धांत येथे जसाच्या तसा लागू पडतो.

इतके अल्प द्रव्य मोजण्याची रीत रंगाची आहे. स्फुरदासाठी पाण्यात आम्लयुक्त अमोनियम मॉलिब्डेट, थोडे अँटिमनीचे लवण आणि ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, घालतात. काही मिनिटांत पाण्यास निळा रंग चढतो. स्फुरद जितका जास्त तितका निळा रंग गडद. मर्फी व रायली या दोघांनी १९६२ साली ही रीत बसविली आणि किरकोळ फेरफारांनी ती आजही जगभर चालू आहे. रंगाची गडदता डोळ्यांनी न पाहता त्यातून तांबड्या टोकाचा प्रकाश सोडून किती अडला ते यंत्राने वाचतात, आणि ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी ताडून आकडा काढतात.

नायट्रेट स्वतः असा रंग देत नाही. म्हणून पाणी प्रथम तांब्याचा मुलामा दिलेल्या कॅडमियमच्या कणांच्या नळीतून सोडतात. तेथे नायट्रेटचे नायट्राइट बनते, आणि नायट्राइट दोन सेंद्रिय द्रावणांच्या योगाने सुरेख गुलाबी रंग देते. पाण्यात आधीपासून असलेले नायट्राइट वेगळे मोजून एकूण आकड्यातून वजा केले की नायट्रेट उरते. अमोनियासाठी निळ्या रंगाची एक निराळी रीत आहे. सिलिकेटसाठीही मॉलिब्डेटच वापरतात. मात्र आम्लाचे प्रमाण व क्रम वेगळा ठेवतात, म्हणजे स्फुरदाचा रंग त्यात मिसळत नाही. प्लवकांतील डायटम या वर्गास कवचासाठी सिलिका लागते, आणि डायटम ही अनेक मासळ्यांच्या पिलांच्या अन्नसाखळीची पहिली पायरी असल्यामुळे ही मोजणी बिनमहत्त्वाची समजू नये.

या सर्व रीतींत खारेपणा हा स्वतंत्र अडथळा आहे. गोड्या पाण्यासाठी केलेली तपासणीची पेटी निमखाऱ्या तलावास चालत नाही. अमोनिया पाहण्याचे नेसलरचे द्रावण खाऱ्या पाण्यात घातले असता मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचा गढूळपणा येतो, आणि तो गढूळपणाच रंग समजून आकडा भलताच फुगतो. पेटी घेताना ती खाऱ्या पाण्यासाठी आहे असे तिच्यावर छापलेले आहे की नाही हे पाहावे. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये.

आकडा कशाचा?

येथे एका अशा चुकीचा उल्लेख केला पाहिजे, की जी वारंवार होते व जिच्यात प्रयोगशाळा, कार्यकर्ता आणि तलावधारक असे तिघेही सापडतात. खताच्या पोत्यावर ‘स्फुरद’ म्हणून जो टक्का छापलेला असतो तो शुद्ध फॉस्फरसचा नसून त्याच्या ऑक्साइडचा असतो, हे बहुतेक शेतकऱ्यांस माहीत आहे. पाण्याच्या अहवालातही असाच घोळ असतो. एक प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ लिहिते, दुसरी ‘नायट्रेट-नत्र’ लिहिते. पहिला आकडा दुसऱ्याच्या ४.४३ पट असतो. फॉस्फेट व फॉस्फेट-स्फुरद यांत ३.०७ पटीचा फरक पडतो. अमोनिया व अमोनिया-नत्र यांत १.२१ पटीचा. पाणी तेच, बाटली तीच, आणि आकडे एकास चार. अहवाल हाती आला की आकड्याआधी त्याच्या शेजारचा हा शब्द वाचावा.

अमोनियाच्या बाबतीत तर आकडा मिळूनही अर्धेच काम होते. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो. त्यांतील वायुरूपाकडे झुकणारे रूप कोळंबीस विषारी, दुसरे त्या मानाने निरुपद्रवी. आपल्याकडील उष्ण खाऱ्या पाण्यात सामू ८ असताना विषारी भाग सुमारे ५-६ टक्के असतो. सामू ९ झाला की तो तिसऱ्या हिश्श्याहून अधिक होतो. दुपारी उन्हात प्लवकांचे काम जोरात चालते आणि पाण्याचा सामू चढतो. म्हणजे सकाळी निर्धोक वाटणारा आकडा दुपारी तीन वाजता घातक ठरू शकतो. यास्तव ज्या अहवालात अमोनियाशेजारी सामू, तापमान व नमुन्याची वेळ नाही, त्या अहवालावरून पाणी बदलण्याचा किंवा चुना टाकण्याचा निर्णय घेऊ नये. वाढलेल्या अमोनियात चुना टाकला तर सामू आणखी चढून विषारी भाग वाढतो, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

गोव्यासमोरील समुद्राचा दाखला

मोजणी सातत्याने झाली तर तिच्यातून काय हाती लागते याचे आपल्याच किनाऱ्यावरील एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ च्या प्रारंभी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे गोव्यात दोना पावला येथे आहे. कांदोळीसमोर सुमारे २८ मीटर खोलीच्या एका ठराविक जागी या संस्थेने १९९७ पासून वारंवार जाऊन पाणी तपासण्याचा परिपाठ ठेवला.

नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खोल समुद्रातील थंड, अन्नद्रव्यांनी समृद्ध परंतु प्राणवायूने दरिद्री असे पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. त्यावर पावसाच्या व नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरतो. हा थर झाकणासारखा बसतो आणि हवेतील प्राणवायू खाली उतरू देत नाही. वरच्या थरात प्लवकांचे उदंड पीक येते, ते मरून तळाशी कुजते, आणि तळाचा उरलासुरला प्राणवायूही संपतो. प्राणवायू संपला की जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायूवर जगू लागतात. नायट्रेटही संपले की ते सल्फेटकडे वळतात आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पश्चिम किनाऱ्यासमोरील तळाच्या पाण्यात हा वायू प्रत्यक्ष मोजला गेला. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि जमिनीवरून वाहून येणाऱ्या नत्राचा या प्रकाराच्या तीव्रतेत वाटा असावा असे मत मांडले.

या दाखल्यात दोन गोष्टी शेतकऱ्याच्या उपयोगाच्या आहेत. तळाच्या पाण्यात नायट्रेट शून्य आढळले म्हणजे ते पाणी केवळ ‘कस नसलेले’ असे समजणे चूक ठरले असते. प्राणवायूचा आकडा सोबत पाहिल्यावरच त्या शून्याचा खरा अर्थ कळला. तलावाच्या तळाशी काळा, दुर्गंधीयुक्त चिखल साचतो तेव्हा तेथे याच क्रमाची लहान आवृत्ती घडत असते. दुसरी गोष्ट अशी की, जोराच्या पावसापूर्वी एकदम टाकलेल्या युरियाचा जो भाग ओहोळावाटे खाडीस मिळतो, तो तेथे जाऊन नाहीसा होत नाही.

जस्ती बादलीने जस्त मोजता येत नाही

सूक्ष्म मूलद्रव्यांकडे वळले की परिमाण आणखी हजारपट खाली उतरते. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागी विद्राव्य लोह कित्येक ठिकाणी लिटरला ५ ते १० नॅनोग्रॅम एवढेच असते. नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. गंजाचा १ मिलिग्रॅमचा कण पूर्ण विरघळला, तर अशा एक लाख लिटर पाण्याचा आकडा तो दुप्पट करू शकेल. आणि हे पाणी काढावयाचे लोखंडी जहाजावरून, पोलादी दोराने! जुन्या काळच्या पृथक्करणांत लोह, जस्त, शिसे यांचे आकडे भरघोस येत, याचे कारण समुद्रात ती द्रव्ये तितकी होती हे नसून ती जहाजात, बाटलीत व प्रयोगशाळेच्या धुळीत होती हे होते.

या भ्रमाची एक गाजलेली कथा सोन्याची आहे. हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याची रीत शोधून ज्यांनी रासायनिक खतांचा मार्ग खुला केला, त्या फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धानंतर समुद्राच्या पाण्यातून सोने काढून आपल्या देशावरील युद्धखंडणी फेडण्याचा घाट घातला. जुन्या पृथक्करणांत एका टन पाण्यात काही मिलिग्रॅम सोने दाखविले होते. हाबर यांनी जहाजावर प्रयोगशाळा थाटली, नमुने गोळा केले, आणि मोजण्याची रीत वर्षानुवर्षे सुधारली. रीत जसजशी शुद्ध होत गेली तसतसे सोने आटत गेले. अखेर ते अपेक्षेच्या सुमारे हजाराव्या भागावर आले आणि १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तो नाद सोडला. भांड्यांतून व रसायनांतून आलेले सोने समुद्राच्या नावावर जमा झाले होते. रीत सुधारण्याआधीच कारखाना उभारला असता तर काय झाले असते, याचा विचार ‘सूक्ष्म द्रव्यांनी समृद्ध समुद्रजल’ म्हणून बाटल्या विकत घेणाऱ्यांनी अवश्य करावा.

शिशाच्या बाबतीत ही चूक उघड करण्याचे श्रेय क्लेअर पॅटरसन यांचे. पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे हे त्यांनीच १९५६ साली प्रसिद्ध केले. त्या कामात हवेतील शिशाने त्यांचे नमुने वारंवार बिघडत, म्हणून त्यांनी धूळरहित खोली उभारली, भांडी आम्लात बुडवून ठेवली, आणि मग समुद्राचे पाणी तपासले. वरच्या थरात शिसे जास्त, खोल थरात कमी, असे त्यांना आढळले. म्हणजे ते नव्यानेच, माणसाच्या हातून व मुख्यतः शिसेयुक्त पेट्रोलच्या धुरातून आलेले होते. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले.

आता सूक्ष्म द्रव्यांसाठी प्लॅस्टिकच्या, आम्लाने धुतलेल्या बाटल्या धातुविरहित दोरावरून खाली सोडतात. पाणी ०.२ किंवा ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात; जे खाली उतरते त्यालाच ‘विद्राव्य’ म्हणण्याचा संकेत आहे. जांभ्याच्या मुलखातून येणाऱ्या पावसाळी पाण्यात हा भेद फार महत्त्वाचा, कारण तेथील तांबड्या गाळात लोह पुष्कळ असले तरी विरघळलेले थोडेच असते. गाळलेल्या पाण्यात शुद्ध आम्ल घालून ते ठेवतात. पुढे ते एका विशिष्ट राळेच्या मण्यांवरून सोडतात. मणी धातू धरून ठेवतात आणि मीठ वाहून जाते. मग थोड्याशा आम्लाने धातू सोडवून घेतात व अतितप्त वायूच्या ज्योतीत त्यांचे अणू त्यांच्या वस्तुमानाप्रमाणे निवडणाऱ्या यंत्रात मोजतात. यंत्र बरोबर वाचते की नाही हे पाहण्यासाठी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने प्रमाणित केलेले समुद्रजल मिळते. ज्याचे आकडे ठाऊक आहेत असे ते पाणी मधूनमधून तपासून ताळा घेतात.

अशी मोजणी साधल्यावरच कळले की, काही महासागरांत नत्र व स्फुरद मुबलक असूनही प्लवक वाढत नाहीत याचे कारण लोहाची उणीव आहे. अमेरिकेतील जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे मत मांडले, आणि १९९३ पासून समुद्रात लोह घालून ते पडताळण्यात आले. २००९ साली भारत व जर्मनी यांनी दक्षिण महासागरात असाच प्रयोग केला. त्याच्या नावातच आपला ‘लोह’ शब्द आहे. तेथे लोह मिळूनही डायटम वाढले नाहीत, कारण पाण्यात सिलिका नव्हती. उणीव एकीची भरली की दुसरी पुढे येते. पंतनगर येथे डॉ. नेने यांनी १९६६ साली भाताचा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेने होतो असे दाखविले, तेव्हा नत्राच्या मात्रा वाढवून थकलेल्या शेतकऱ्यांना हाच अनुभव आला होता.

नमुना घेणाऱ्यासाठी

नमुना कशासाठी हवा हे आधी ठरवावे, कारण एकच बाटली सर्व कामांस पुरत नाही. नत्र, स्फुरद व सिलिका यांसाठी स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. काचेतून सिलिका पाण्यात उतरते. साबणाने धुतलेली बाटली वापरू नये, कारण धुण्याच्या पुडीत स्फुरद असू शकतो. सरबताची किंवा औषधाची रिकामी बाटली तर मुळीच घेऊ नये. सूक्ष्म धातूंसाठी प्रयोगशाळेने आम्लाने धुऊन, बंद करून दिलेलीच बाटली वापरावी आणि ती पाण्याजवळ पोहोचेपर्यंत उघडू नये. जस्ती बादली, पितळी नळ, लोखंडी पंपाचे तोंड यांतून घेतलेल्या पाण्यात जस्त, तांबे वा लोह मोजण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

खाडीचे पाणी तलावात भरतीला घेतात, म्हणून नमुनाही भरतीच्या वेळी, शक्यतो पाणी आत घेण्याच्या जागीच घ्यावा. होडीतून घेत असल्यास पुढच्या टोकाकडून, प्रवाहाच्या दिशेने तोंड करून, हात कोपरापर्यंत बुडवून बाटली पाण्याखाली भरावी. पृष्ठभागावरील तवंग तीत येता कामा नये. भरण्यापूर्वी त्याच पाण्याने बाटली तीनदा खळबळून ते पाणी मागच्या बाजूस टाकावे. तोंडास अथवा झाकणाच्या आतील बाजूस बोट लावू नये. विडी-सिगारेट ओढताना किंवा नुकतीच ओढून नमुना घेऊ नये. ही सूचना शिष्टाचाराची नाही; तंबाखूच्या धुरात अमोनिया असतो आणि तो बोटांवरूनही पाण्यात जातो. युरियाचे पोते हाताळलेल्या हातांचेही तेच.

सामू, तापमान व खारटपणा जागीच पाहून लिहावा. अन्नद्रव्यांचा नमुना तेथल्या तेथे गाळता आला तर उत्तम. बाटलीतील प्लवक व जीवाणू जिवंत असतात आणि काही तासांत ते नत्र-स्फुरदाचा आकडा बदलून टाकतात. एस.टी.च्या टपावरून दिवसभर उन्हात गेलेली बाटली प्रयोगशाळेत पोहोचली तरी तलावाचे पाणी पोहोचलेले नसते. म्हणून बाटली काळ्या कापडात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवावी व त्याच दिवशी पोहोचवावी. ते शक्य नसेल तर बाटली वरून थोडी रिकामी ठेवून, उभी, बर्फ करणाऱ्या खणात गोठवावी, आणि गोठविल्याचे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. विशेषतः सिलिकेटच्या मोजणीपूर्वी असे पाणी वितळवून बराच वेळ ठेवावे लागते.

चिठ्ठीवर गाव, तलावाचा क्रमांक, तारीख, घड्याळातील वेळ, भरती की ओहोटी, आदल्या दोन दिवसांतील पाऊस आणि तलावात शेवटचे खाद्य वा चुना टाकल्याची वेळ शिसपेन्सिलीने लिहावी. शाई खाऱ्या पाण्याने पुसते. याखेरीज शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याची एक जादा बाटली प्रयोगशाळेकडून मागून घ्यावी. ती बांधावर नेऊन इतर बाटल्यांप्रमाणेच उघडावी, बंद करावी आणि त्यांच्याबरोबरच परत पाठवावी. या कोऱ्या बाटलीत जे काही सापडेल ते समुद्राचे नसून आपले, असे समजून प्रयोगशाळा ते इतर आकड्यांतून वजा करू शकते, आणि ते फार निघाल्यास त्या दिवसाचे सर्व नमुने बाद करून पुन्हा मागविते. अशी मागणी आली तर तीत कमीपणा मानू नये. त्याच आठवड्यात, त्याच भरतीला, नव्या बाटलीने नमुना पुन्हा घ्यावा.